दुसऱ्या गिअरची राखण

मास्तरणीच्या मोटार शिकवणीत पहिल्या दिवशी कुणालाही गाडी चालवायला मिळत नसे. गाडी ती स्वतः चालवी. शिकायला आलेल्याने शेजारी बसायचं, गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवायचा आणि तोंड बंद. तासभर एवढंच. कुणी कुरकुर केली की ती म्हणे, "गाडी बोलते ती या दांड्यातून. आधी तिचं ऐकायला शिका, मग तिला हुकूम सोडा. ज्याला ऐकायचंच नाही त्याने सायकल घ्यावी, ती बिचारी मुकी असते."

चव्वेचाळीस वर्षं हे चाललं. वकील शिकून गेले, नर्सा शिकून गेल्या. एक न्यायाधीश चढावर गाडी मागे घसरली म्हणून तिच्या शिव्या खाऊन गेला. शाळा म्हणाल तर मास्तरीण चौथीपर्यंत, तीही दोनदा. रस्त्यावरची पाटी अजून ओठ हलवत वाचायची. पण बंद खिडकीआडून गाडी गेली तरी सांगायची, "याचा तिसरा सिलिंडर रडतोय, आणि मालकाला गाण्यातून ऐकू येत नाहीये."

तासभर हात ठेवून झाला की ती प्रत्येकाला तीच गोष्ट सांगायची. तिची मुलं ती गोष्ट सुरू झाली की उठून जात. नात तेवढी बसून राहायची.

गोष्ट अशी. मास्तरणीचा बाप डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. गाडी काळी, पाठीला गोल, पुढच्या मडगार्डांवर बसवलेले दोन दिवे म्हणजे बेडकाचे डोळे. वळायचं असलं की दारामागच्या खांबातून वीतभर लांबीचा लाल हात टक्कन बाहेर यायचा. दर बुधवारी डॉक्टर टेकडीवरच्या छातीच्या इस्पितळात जात. टेकडीला सात वळणं, आणि चढ असा की चालणाऱ्याच्या नाकाला गुडघे लागावेत. या गाडीत एकच खोड होती. चढावर दुसरा गिअर सुटायचा. बापाला वळणावर दोन्ही हात चाकावर हवेत, मग गिअर धरणार कोण? म्हणून सहा वर्षांची पोर पुढच्या सीटवर बसायची आणि दोन्ही हातांनी दांडा धरून ठेवायची. वळण आलं की बाप समोरची नजर न हलवता विचारायचा, "धरलंय?" आणि ती ओरडायची, "धरलंय!" मागे डॉक्टर कागद चाळत बसलेले असत. कधी त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी बेबी, पायात पांढरे मोजे, नाक खिडकीच्या काचेला चिकटवून.

"पाच वर्षं," मास्तरीण सांगायची. "पाच वर्षं दर बुधवारी डॉक्टर वर पोचले ते माझ्या या दोन हातांवर. मी सोडलं असतं तर गाडी दरीत गेली असती आणि वरचे रोगी औषधाविना. माझी शाळा बुडली त्यात. बुडू दे. शाळेत काय दरी होती?"

गोष्टीचा शेवट मात्र ती शिकाऊंना सांगत नसे. तो नातीलाच माहीत होता. मास्तरीण अकरा वर्षांची असताना एका बुधवारी नेहमीसारखी वेणी घालून फाटकाशी गेली, तर बाप बॉनेट पुसत होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "आज नको येऊस. गिअर दुरुस्त झाला."

झाला, तो झाला. गाडी तिच्यासमोरून निघून गेली. ती बापाशी दोन महिने बोलली नाही. तो घरी आला की पाण्याचा तांब्या त्याच्या हातात न देता जमिनीवर ठेवायची, आवाज होईल असा. तो वाकून उचलायचा आणि प्यायचा. पुढे बोलायला लागली, पण ते बोलणं म्हणजे जेवलास का, झोपलास का. काळजाच्या एका कप्प्याला तिने कुलूप घातलं. एवढीशी खोड, का दुरुस्त केली यांनी? मला विचारलं तरी का? ती एकोणीस वर्षांची असताना बाप गेला. त्या काळ्या गाडीचं चाक तिने कधी हातात धरलं नाही. पुढे तिने ट्रकसुद्धा चालवले, पण तो सात वळणांचा चढ त्या गाडीने, आपल्या हाताने चढायचा, ही एक गोष्ट राहून गेली ती गेलीच.

आता मास्तरीण शहात्तर वर्षांची होती. दोन्ही डोळ्यांच्या ऐन मध्यावर डाग येऊन बसला होता, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. डोळ्यांच्या डॉक्टरने परवान्याच्या कागदावर सही द्यायला नकार दिला. थोरल्या मुलाने चाव्या खिशात घातल्या. शिकवणी नात बघत होती. मास्तरीण खिडकीशी बसून लोकांच्या गाड्यांचे रोग ओळखायची आणि सुनेला सांगायची. सून म्हणायची, "हो, आई." एवढंच.

अशा एका सकाळी फोन आला.

"ओळखलंस का?"

"मी इंजिन ओळखते, तू तर माणूस आहेस. बोल, बेबी."

लहानपणी ती बेबीला ताई म्हणायची, वय एकच असून. शिकवणीची पाटी लागली त्या दिवशी तिने ते ताई गाळलं, आणि बेबीनेही ते कधी मागितलं नाही.

"बंगला विकला गं," बेबी म्हणाली. "मला एकटीला झेपेना. पप्पांची गाडी होती ना शेडमध्ये, ती एका हॉटेलवाल्याने घेतलीय. शुक्रवारी नेणार. दारात ठेवणार म्हणे, शोभेला. आत फुलझाडं लावणार."

"गाडीत झाडं?"

"इंजिन काढून टाकणार ना."

मास्तरणीने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"त्याआधी त्याला ती चालती हवीय, फोटो काढायला. तुझ्या त्या मिस्त्रीकडेच दिलीय. बघायची असली तर ये. मी बुधवारी तिथे जाणार आहे."

"बुधवारीच का?"

"सहज," बेबी म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला मास्तरणीने जाहीर केलं, की ती बुधवारी डॉक्टरांची गाडी टेकडीवर चढवणार आहे. थोरल्याचा घास हातातच राहिला.

"आई, तुला समोरचं ताट दिसत नाही."

"ताट दिसतं. त्यातली भाजी कशी झालीय ते दिसायची गरज नाही, ते जिभेला कळलं." सुनेने मान खाली घातली. "एकदा. एकच चढ. मग जन्मात चाकाला हात लावणार नाही. पाहिजे तर कागदावर अंगठा देते."

"आणि कुणी आडवं आलं तर? तूच शिकवायचीस ना, की दिसत नसताना गाडी काढणारा माणूस म्हणजे—"

"मी काय शिकवायचे ते मला सांगू नकोस. तुला रिव्हर्स अजून येत नाही."

शेवटी नात म्हणाली, "बाबा, मी नेते आजीला. बघून येऊ नुसतं." आणि टेबलाखालून आजीच्या पायावर पाय दाबला. तो दिलासा होता, की गप्प बसायची खूण, ते मास्तरणीला कळलं नाही.

मिस्त्री साठीचा होता आणि मास्तरणीकडे तिसऱ्या खेपेला पास झालेला. तिला दारात बघताच त्याने हातातली विडी पायाखाली चिरडली.

"या, बाई. बसा."

"बसायला घरी खुर्ची आहे. कुठेय?"

गाडी शेडच्या मागल्या बाजूला उभी होती. मास्तरणीला वाटलं होतं, लहानपणच्या वस्तू मोठेपणी लहान दिसतात तशी ही पण दिसेल. तशी ती दिसली नाही. डागाने मधलं सगळं खाल्लं होतं, पण कडा शाबूत होत्या. गोल पाठ होती. बेडकाचे डोळे होते. तिने दार उघडलं आणि वास आला. जुनं चामडं, पेट्रोल, आणि त्याखाली डॉक्टरांच्या बॅगेतल्या स्पिरिटचा अगदी पुसटसा. इतक्या वर्षांनी स्पिरिटचा वास राहणं शक्य नाही हे तिलाही कळत होतं. पण आला.

बेबी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर छत्री. "जाड झालीस," ती म्हणाली.

"तू वाळलीस. बेरीज तीच."

मास्तरणीने नातीला जवळ ओढलं. "इकडे बघ. हा दांडा. ही काळी गोटी. हिच्यावर माझे हात असायचे. अरे मिस्त्री, हिला ती दुरुस्ती दाखव. दुसऱ्या गिअरची. त्या वेळी कुणी केली, चांगली केली का घाण केली, मला बघायचंच आहे."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "कसली दुरुस्ती, बाई?"

"दुसरा गिअर सुटायचा. मग दुरुस्त केला."

"बाई, गिअरबॉक्स मी कालच उघडला. झाकण अजून बाजूलाच आहे. त्या बोल्टांवर कारखान्याचा रंग होता, जसाच्या तसा. माझ्या आधी त्यांना कुणी पाना लावलेला नाही."

"तुला तीनदा नापास केलं ते उगाच नाही."

"दोनदा, बाई. तिसऱ्यांदा पास झालो." तो गरीबपणे हसला. "आणि सुटणारा गिअर असला ना, की त्याच्या दातांची टोकं घासून गोल होतात. हा दुसरा बघा. जन्मात सुटलेला नाही हा."

"दाखव."

पुढची सीट काढलेली होती, जमिनीवरची फळी उचललेली. मास्तरीण गुडघे टेकून बसली, त्याला थोडा वेळ लागला. डोळ्यांचा उपयोग नव्हता, तिने तो केलाही नाही. बाही वर सारून तेलात दोन बोटं घातली. मिस्त्री सांगत गेला, "हा तिसरा, त्याच्या मागे, हां, तो." तिने अंगठ्याने एकेक दात चाचपला. चव्वेचाळीस वर्षांत तिने किती गिअर असे चाचपले असतील त्याची गणती नव्हती. हे दात नव्या सुरीसारखे कोरे होते. एकही टोक गोल नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून चाचपलं.

"सुटायचा," ती म्हणाली. "मी धरायचे."

मग बेबीने छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं.

"पप्पा रविवारी स्वतः चालवायचे ही गाडी," ती म्हणाली. "टेकडीवर न्यायचे आम्हाला. एकदाही सुटला नाही."

मास्तरणीने तेलातला हात बाहेर काढला.

"आमच्याकडे नियम होता. आईचा. नोकरांच्या मुलांनी गाडीत बसायचं नाही. तू फाटकाला लटकून गाडीकडे बघायचीस, रोज. तुझा बाप एक दिवस पप्पांना म्हणाला, साहेब, दुसरा गिअर सुटतो, चढावर धरायला कुणीतरी लागेल. पप्पा म्हणाले, मग घे कुणाला तरी. त्या रविवारी पप्पांनी मुद्दाम टेकडी चढून बघितली. मी मागेच होते. घरी येऊन आईला म्हणाले, सुटतो खरा."

"तुला माहीत होतं."

"मला, पप्पांना, तुझ्या बापाला. फक्त आईला आणि तुला नव्हतं."

"मग दुरुस्त झाला म्हणजे?"

बेबीने छत्री पुन्हा मांडीवर घेतली. "आई एकदा गच्चीत उभी होती. तू पुढच्या सीटवर हसत होतीस, मोठ्याने. ती पप्पांना म्हणाली, पोर मोठी झाली, आता एक तर गिअर दुरुस्त करा, नाहीतर ड्रायव्हर बदला."

मास्तरीण गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. आधी आला तो राग, आणि तो तिच्या ओळखीचा होता, म्हणून तिने तो येऊ दिला. "म्हणजे फुकट बसले मी," ती म्हणाली. "पाच वर्षं. मी कुणाचं पेलाभर पाणी फुकट प्यायले नाही, आणि पाच वर्षं तुमच्या गाडीत फुकट बसले. आणि चव्वेचाळीस वर्षं सगळ्या गावाला सांगितलं, मी धरलं म्हणून. हसत असाल दोघी मायलेकी."

"आईला काय माहीत हसायला," बेबी म्हणाली. "आणि मी हसले नाही. मला मागे बसवायचे. मला कुणी काही धरायला दिलं नाही कधी."

नातीने चिंधी पुढे केली. मास्तरणीने ती घेतली, पण हात पुसले नाहीत. तिला तो तांब्या दिसत होता. डाग नसलेल्या डोळ्याने बघावा इतका स्वच्छ. जमिनीवर आपटून ठेवलेला, आणि वाकलेला बाप. एका वाक्याचं काम होतं. बाईसाहेब नको म्हणतात, एवढं म्हणाला असता तर पोरीचा राग बंगल्याच्या गच्चीकडे गेला असता. तो म्हणाला, गिअर दुरुस्त झाला. दोन महिने वाकून तांब्या उचलला. आणि पुढची आठ वर्षं तिच्या जेवलास का, झोपलास का ला हो म्हणत राहिला.

"फळी बसव," ती मिस्त्रीला म्हणाली. "सीट लाव. झाकण नीट आवळ, तेल गळता कामा नये."

अर्ध्या तासाने ती चाकामागे बसली. चोक ओढला, बटण दाबलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं, आणि तो आवाज ऐकून तिचे खांदे अकरा वर्षांच्या पोरीसारखे वर गेले. नात शेजारी बसली होती आणि दाराची कडी घट्ट धरून होती. मास्तरणीने क्लच दाबला, पहिला टाकला. गाडी कुरकुर न करता पुढे आली. शेडचं फाटक समोर होतं, दोन बाजूंना दोन पिंपं. डावं पिंप होतं. उजव्या पिंपाच्या जागी धूर होता. तिने मान हलवली तसं उजवं पिंप दिसलं आणि डावं गेलं. मधून मिस्त्री चालत गेला, की तो मिस्त्री नव्हता, तेही तिला सांगता आलं नसतं.

तिने ब्रेक लावला.

एकदा एक निवृत्त हेडमास्तर तिच्याकडे आला होता, डोळे असेच. रडकुंडीला आला होता तो, फक्त बाजारापर्यंत म्हणून. तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं, ज्याला पिंप दिसत नाही त्याला पोर काय दिसणार. चल, ऊठ.

"ऊठ," ती आता स्वतःशीच म्हणाली, आणि दार उघडून उतरली. गाडीला वळसा घालताना बॉनेटवर हात टेकत टेकत गेली. ते गरम होत होतं.

"सरक तिकडे," ती नातीला म्हणाली. "तू चालव."

"आजी, हिचा क्लच—"

"दोनदा दाबायचा. शिकवलंय ना? मग. मी काय जन्मभर पुरणार आहे?"

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. बेबी छत्रीसकट आत शिरत होती. "मी पण येणार. गाडी शुक्रवारपर्यंत माझी आहे."

"मोजे पांढरे घातलेस का?"

"गप बस," बेबी म्हणाली.

टेकडीवरचं इस्पितळ बंद होऊन वर्षं झाली होती. रस्ता मात्र तसाच होता, कडेचे दगड तेवढे नवे. पहिल्या वळणाच्या अलीकडे नातीने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि दुसरा टाकला. चांगला टाकला. मास्तरीण तसं म्हणाली नाही, तिच्या तोंडून असलं निघत नसे. तिने दोन्ही हात पुढे केले आणि काळ्या गोटीवर ठेवले. तेल अजून बोटांना होतंच.

गोटी थरथरत होती. तळहातातून मनगटात, मनगटातून कोपरात. सगळं तेच होतं. सुटण्याची ओढ तेवढी नव्हती, आणि आता तिला आठवू लागलं की ती कधीच नव्हती. ती पाच वर्षं जे धरून बसली होती ते स्वतःहून जागेवर बसलेलं होतं, आणि शेजारी चाक धरलेल्या माणसाला ते ठाऊक होतं. तरी तो प्रत्येक वळणावर विचारायचा. कधी चुकला नाही.

"आजी, काढ ना हात," नात म्हणाली. "कोपर लागतं मला. कळलं ना आता, सुटत नाही तो."

मास्तरीण हलली नाही.

"धरू दे तिला," मागून बेबी म्हणाली. "चढ आहे. सुटलाबिटला तर?"

तिसरं वळण गेलं. चौथं गेलं. खाली गावाची छपरं असतील, ती तिला दिसत नव्हती. पाचव्या वळणाला चढ ताठ होतो आणि रस्ता एकदम आतल्या बाजूला वळतो, तिथे नातीने दोन्ही हात चाकावर घट्ट केले. गोष्ट तिने हजारदा ऐकली होती. समोरची नजर न हलवता ती म्हणाली, "धरलंय?"

मास्तरणीने तोंड उघडलं. इंजिन धापा टाकत होतं, डावीकडे दरी होती, आणि तिची बोटं गोटीवर पांढरी पडली होती.

"आजी? धरलंय का?"

"धरलंय," ती म्हणाली. मग घसा साफ करून, जोरात, "धरलंय! आणि वळणावर बोलायचं नसतं, कितीदा सांगितलंय तुला."